साइडपट्टी सोडून दोन हात

मी अलिबागहून आलो आहे.

हे वाक्य मुंबईत म्हटलं की लोक हसतात. इथे विलायतेतही निम्मं सभागृह हसलं, म्हणजे मुंबई अजून तुमच्यातून गेलेली नाही. ‘अलिबागहून आलायस काय’ या बोलण्यावर बंदी घाला, अशी याचिका आमच्या तालुक्यातून मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं. आम्ही लावून घेतही नाही. पण सायकल घेऊन रस्त्यावर उतरलं की मागून येणारी गाडी ज्या तऱ्हेने हॉर्न वाजवते, त्यात मला तो प्रश्न हटकून ऐकू येतो.

मी सायकल आणि रस्त्याचे नियम हा विषय कळवला तेव्हा इथल्या मंडळाकडून विचारणा झाली, की जंजिरा, नारळी-पोफळी, असं काही नाही का? जंजिरा येईल वाटेत. माझा रस्ता तिकडूनच जातो.

रस्ता कुठला, ते आधी सांगतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. तासाभरात माणूस, मोटार, सायकल सगळं पलीकडे. मांडव्याहून चोंढी, अलिबाग; पुढे आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा; साळावचा पूल ओलांडून कोर्लई, काशीद, मुरूड. आगरदांड्याला जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, बसून दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, आणि बागमांडल्याला पुन्हा जंगलजेटी, की आलाच रत्नागिरी जिल्हा. सायकलवाल्यांना हा रस्ता फार प्रिय आहे. त्याला एक कारण असंही, की त्यांना दुसरा फारसा उरलेला नाही. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू उघडला, जवळजवळ बावीस किलोमीटरचा, थेट आमच्या उरण तालुक्यात उतरणारा. त्यावर दुचाकीलाही बंदी आहे, तिथे सायकलला कोण विचारतो? मोटारी मात्र त्यावरून सुसाट येतात आणि शनिवारी सकाळी त्याच अरुंद रस्त्यावर पोहोचतात जिथे बोटीतून उतरलेला सायकलवाला आधीच पायडल मारतो आहे.

सायकलवाला म्हणजे तरी कोण? आमच्याकडे दोन जातीचे आहेत. एक बोटीतून उतरतो. लाखाची सायकल, डोक्याला हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा, हँडलला मोबाइल. दुसरा वाडीतून निघतो. कॅरिअरला नारळ, नाहीतर पाण्याचा कॅन, नाहीतर शाळेत सोडायची नात. त्याला हेल्मेट नाही, दिवा नाही, आणि ब्रेक आहे की नाही हे त्याच्या चपलेला माहीत. नियमांची चर्चा निघाली की पहिल्याकडे कौतुकाने पाहतात आणि दुसऱ्याकडे कपाळाला हात लावून. मला हे अर्धंच पटतं. वाडीवाला नियमपुस्तक उघडत नाही, पण तो एका रेषेत चालतो, त्याचा वेग बदलत नाही, आणि वळायच्या आधी लांबूनच हात बाहेर काढतो. मागच्या मिनीडोअरवाल्याला तो कुठे वळणार हे ठाऊक असतं. उलट दिव्या-हेल्मेटवाल्यांचा आठ-दहा जणांचा घोळका चौघे-चौघे शेजारी, गप्पा मारत, कानात गाणी घालून, नागावच्या वळणावर अख्खा रस्ता व्यापून चालला असेल, तर मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने काय करावं? त्याला चौलला वेळेवर पोहोचायचं असतं, आत शाळेची मुलं असतात. त्या वेळी माझी सहानुभूती एसटीला असते. सायकलवाल्यांच्या सभेत हे मी बोललो आहे आणि तिथे चहासुद्धा थंड मिळाला.

आता मुद्द्याच्या दोन गोष्टी. दोन्हींत आमच्याकडे सर्रास उलटं शिकवलं जातं.

पहिली राँग साइडची. गावाकडे पुष्कळ जण उजव्या कडेने सायकल चालवतात. कारण विचारा, उत्तर तयार असतं : ‘समोरचं येणारं दिसतं ना!’ पायी चालणाऱ्याला ते ठीक आहे, तो टुणकन बाजूला उडी मारू शकतो. सायकलचं गणित निराळं. मोटार साठच्या वेगाने येते, सायकल पंधराच्या. एकाच दिशेने जात असतील तर मोटार सायकलला पंचेचाळीसच्या वेगाने गाठते. समोरासमोर असतील तर पंचाहत्तरच्या. वळणावर पन्नास मीटरच दिसत असेल, तर पहिल्या वेळी चालकाला चार सेकंद मिळतात, दुसऱ्या वेळी जेमतेम अडीच. शिवाय मागून येणारा वेग कमी करून सायकलच्या मागे राहू शकतो. समोरून येणाऱ्याला तीही सोय नाही, त्याला थांबावंच लागतं. तेव्हा डावीकडून चाला हा नियम पोलिसाच्या समाधानासाठी केलेला नाही, त्यात दीड सेकंदाचं आयुष्य आहे.

दुसरी गोष्ट जरा वादाची. ‘कडेने चालव रे बाबा’ हे वाक्य प्रत्येक सायकलवाल्याने आईच्या तोंडून ऐकलेलं असतं. आमच्या रस्त्याला कड म्हणजे काय, ते सांगतो. डांबराचा थर चढतो, पुन्हा पाच-सात वर्षांनी दुसरा चढतो, रस्ता उंच होत जातो. बाजूची साइडपट्टी मुरूम टाकून रस्त्याच्या बरोबरीला आणायची असते. ते काम मागे राहतं, किंवा झालं तरी पहिल्या पावसात वाहून जातं. मग डांबराच्या कडेला चार बोटं, कुठे वीतभर पायरी तयार होते. जुलै-ऑगस्टात त्या कडेवर शेवाळ, किनाऱ्याजवळ वाळू, आणि वाडीच्या दगडी कुंपणातून बाहेर आलेली झावळी. त्या पायरीवरून चाक घसरलं की सायकलस्वार बाहेरच्या बाजूला पडत नाही. तो हँडल सावरायला आत खेचतो आणि आडवा होतो रस्त्यावर, मागच्या गाडीच्या चाकाखाली. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो, डावीकडून चाला, पण कडेने चालू नका. साइडपट्टी सोडून दोन हात आत या.

यावर मोटारवाले भडकतात : म्हणजे आमचा रस्ता अडवणार? तर त्यांनाही हिशेब मांडून दाखवतो. आमचा रस्ता बऱ्याच ठिकाणी साडेपाच मीटरचा. सायकल आणि तिच्या डावीकडची जागा मिळून एक मीटरच्या वर गेली. तिच्या बाजूने सोडायचं अंतर दीड मीटर. मोटारीची रुंदी पावणेदोन-दोन मीटर. झाले साडेचार. समोरून दुसरी गाडी येत असेल तर सायकल कितीही कडेला चिकटली तरी तिच्या बाजूने सुरक्षित पुढे जाता येतच नाही. थांबणं भागच आहे. सायकलवाला कडेला गेला की होतं काय, तर चालकाला वाटतं की जागा आहे, आणि तो घुसतो. सायकलवाला दोन हात आत असला की जागा नाही हे दुरूनच दिसतं. मात्र रस्ता मोकळा झाला की बाजूला होऊन, हाताने खूण करून गाडी पुढे सोडायची. हे सायकलवाल्याचं कर्तव्य. जो खूण करतो त्याला आमचे डंपरवालेसुद्धा हात दाखवून जातात, हा माझा अनुभव आहे.

दीड मीटर हा आकडा तुम्हाला नवा नाही. तुमच्या इथल्या हायवे कोडमध्ये २९ जानेवारी २०२२ पासून तो स्पष्ट लिहिला आहे : ताशी तीस मैलांपर्यंतच्या वेगात सायकलला किमान दीड मीटर अंतर, वेग जास्त तर अंतरही जास्त. त्याच वेळी आणखी एक तत्त्व त्यात आलं, की ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जबाबदारी जास्त. दोघांनी शेजारी-शेजारी सायकल चालवायलाही तिथे परवानगी आहे. मागच्याला पुढे जाऊ द्यायचं भान ठेवून. चौघांना नाही, हे आमच्या घोळक्यांनी ऐकावं.

आमच्याकडचा कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सायकल बसत नाही, तिला इंजिन नाही. २०१७ ची वाहन चालवण्याची जी केंद्रीय नियमावली आहे, तिच्यात पादचारी, सायकलस्वार, मुलं, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घ्या असं चालकांना बजावलं आहे. विशेष म्हणजे किती, ते चालकावर सोडलं आहे. घाटात अरुंद रस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हाही नियम आहे. कार्लेखिंडीत धापा टाकत चढणाऱ्या सायकलवाल्याला तो किती जण देतात, हे विचारू नका. २०१९ च्या दुरुस्तीने बिनइंजिनाच्या वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारांना मिळाला. कागद आहे, एवढं समाधान. आक्षीला शिलाहार-यादवांच्या काळचे शिलालेख आहेत, तिथे नियम मोडणाऱ्यासाठी गधेगाळ कोरलेली आहे. ती काय शिवी आहे ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही, पण चलनापेक्षा तिचा धाक नक्की जास्त असणार.

आणि गंमत बघा, एके काळी सायकलवाल्याला आपल्याकडे नियम होते, आणि कडक होते. इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवेल. नगरपालिकेचा पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला दर वर्षी पैसे भरून घ्यायचा आणि सायकलला लावायचा. संध्याकाळ झाली की दिवा हवा, आधी रॉकेलचा, मग डायनॅमोचा. डबलसीट दिसलं की पोलीस शिट्टी मारायचा, आणि चौक आला की मागचा मित्र उतरून निमूट पायी चालायचा. पोलीस दिसेनासा झाला की पुन्हा कॅरिअरवर. त्या काळी सायकल हे मध्यमवर्गाचं वाहन होतं, मास्तर, कारकून, पोस्टमन सगळे तिच्यावर. पुढे मध्यमवर्ग स्कूटरवर गेला आणि सायकल गरिबाची झाली. गरिबाकडून बिल्ल्याचे पैसे काय घ्यायचे म्हणून बिल्ला गेला, हे चांगलंच झालं. पण त्याच्या मागोमाग दिवाही गेला. दिवा मागणारा पोलीसही गेला, आणि सायकलवाला रस्त्यावर आहे ही जाणीवच गेली. माझं स्पष्ट मत आहे, की बिल्ला परत नको, दिवा परत हवा. केंद्राने २०२० मध्ये सायकलच्या परावर्तकांसाठी गुणवत्तेचा आदेश काढला, तो नव्या सायकलींना लागू. वाडीतल्या वीस वर्षांच्या जुन्या सायकलला काय? तिला मागे लावायच्या लाल चकतीला वडापावच्या दोन-तीन प्लेटइतके पैसे पडतात.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असल्या प्रकारात, मी पाहिलं आहे : अंधारात पुढे-मागे दिवा आणि अंगात चमकणारं जॅकेट नसेल तर पुढे सोडत नाहीत. सिग्नल तोडला तर बाद. तिथे कोणी कुरकुर करत नाही. म्हणजे आपल्याला नियम पाळता येत नाहीत असं नाही. मागणारं कोणीतरी लागतं.

मोटारवाल्यांचं मात्र एवढ्यावर सुटत नाही. सायकलवाले सिग्नल पाळत नाहीत, मग त्यांना कसला हक्क, हा युक्तिवाद मी मांडव्याच्या बोटीवर पुष्कळदा ऐकला आहे. पंधरा किलोची सायकल सिग्नल तोडते तेव्हा बहुधा स्वतःचा जीव घालवते. दीड टनाची मोटार तोडते तेव्हा दुसऱ्याचा. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. त्यांत सायकलवाले तीन टक्क्यांच्या आसपास. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण ती जवळजवळ पाच हजार माणसं होतात. नियम दोघांनाही सारखे असावेत हे मला मान्य आहे. चूक झाल्यावर भोगावं लागणारं मात्र सारखं नाही, आणि ते विसरून केलेली समानतेची भाषा मला ढोंगी वाटते.

आमच्या याच किनाऱ्याने जायच्या सागरी महामार्गाचं स्वप्न जुनं, मुख्यमंत्री बॅ. अंतुल्यांच्या काळचं. आता रेवस-करंजा, आगरदांडा-दिघी या खाड्यांवर पुलांची कामं चालू आहेत. हे पूल झाले की बोटी आणि जंगलजेट्या कमी होतील, वेग वाढेल. पुलावर सायकलला आणि पायी माणसाला वेगळी पट्टी ठेवा, ही मागणी आत्ताच लावून धरायला हवी. कठडे बांधून झाल्यावर पट्टी येत नाही. तुमच्यात या क्षेत्रातले इंजिनिअर आहेत, त्यांनी इथल्या पुलांचे आराखडे, अनुभव आमच्याकडच्या मंडळींना कळवले तर त्याचं वजन पडेल.

आणि एक घरगुती विनंती. नाताळच्या सुट्टीत तुमच्यापैकी बरेच जण मुलाबाळांना घेऊन आमच्याकडे येता. मुंबईहून ड्रायव्हरसकट गाडी घेता. इथे तुम्ही सायकलमागे दोन-दोन मिनिटं शांतपणे थांबता, मी काल स्वतः पाहिलं. तिथे मागच्या सीटवर बसून ‘काढ रे, काढ पुढे’ म्हणू नका. ड्रायव्हरला सांगा, थांब जरा, समोरची गाडी जाऊ दे, मग दीड मीटर सोडून काढ. नागावला शहाळ्याच्या गाडीपाशी थांबलात तर मागे बघून मगच दार उघडा, आणि मुलांनाही तेच सांगा. ड्रायव्हर आमचं ऐकत नाही, भाडं देणाऱ्याचं ऐकतो.