जुन्या मोटारीचे सुटे भाग
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलनात मोटारीच्या सुट्या भागांविषयी बोलणारा वक्ता आजवर आपणांस भेटला नसेल. परंतु आमच्या घरची जुनी डॉज किंग्सवे गेल्या वर्षी पुन्हा रस्त्यावर आली, तेव्हा "हे भाग मिळाले तरी कोठून?" असे आम्हांस इतक्या जणांनी विचारले की, ते सर्वांस एकदाच सांगून टाका, असा चिटणिसांनी आदेश दिला. तो आम्ही शिरसावंद्य मानतो.

ही गाडी आमच्या वडिलांची. ज्ञातीतील कितीतरी वरातींना ती गेली आहे. समोर बसलेल्या दोघी-तिघी आजीबाई तिच्यातूनच सासरी आल्या. वडील निवर्तल्यानंतर ती अंगणातल्या पत्र्याखाली अठ्ठावीस वर्षे उभी होती. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला आणि घरातील तरुण मंडळी विकण्याच्या बाजूची झाली. आईने मात्र किल्ली देण्यास साफ नकार दिला. शेवटी तडजोड झाली ती अशी: वर्षभरात गाडी चालू झाली तर राहील, न झाल्यास जाईल.

अमेरिकन गाडीच्या बाबतीत आशेला जागा होती. एका गाडीचा भाग दुसरीस कानस न लावता बसावा, ही कल्पना त्या देशाच्या कारखानदारीच्या हाडीमांसी भिनलेली आहे. १९०८ साली इंग्लंडातील ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या गेल्या. त्यांचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा तीन गाड्या जोडल्या आणि त्या ५०० मैल धावल्या. रॉयल ऑटोमोबाइल क्लबने त्याबद्दल ड्यूअर करंडक दिला. आमची किंग्सवे तर जातीनेच नातेवाईकांतली. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि फार्गो या गाड्या जोडल्या जात. किंग्सवे म्हणजे मूळची प्लिमथच, डॉजचे नाव लावलेली. तेव्हा नावावर न जाता कुळ शोधावे, एवढे आम्ही प्रथम शिकलो.

काही गोष्टी सहज जमल्या. बेअरिंगवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. तो क्रमांक सांगितला की दुकानदार गाडीचे नावही विचारीत नाही. ब्रेकच्या रबरी कपांनाही गाडीचे नाव नसते, व्यासाचे माप असते. मात्र रबर ताजेच घ्यावे. जुन्या साठ्यातील डबीबंद रबर कितीही देखणे दिसले तरी ते ताठलेले असते, आणि ब्रेकच्या बाबतीत काटकसर करणे आम्हांस तरी शहाणपणाचे वाटत नाही. डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असतात, हे आमच्या पुतण्यास ठाऊक नव्हते. त्याने जोर लावून दोन बोल्ट मोडले, ही हकीकत तो येथे हजर असल्यामुळे आम्ही लांबवीत नाही.

खरी ठेच लागली ती हेड गॅस्केटपाशी, आणि तीही आमच्याच हातून. इंजिन २१८ घनइंचांचे, हे आम्हांस पक्के ठाऊक. त्या आधारे आम्ही अमेरिकेतून प्लिमथच्या २१८चे गॅस्केट मागविले. किंमत, हाशील आणि जकात धरून रक्कम बरीच झाली. पुडके उघडून हेडवर ठेवले तो ते दीड-दोन इंच आखूड! वर्षातील आठ महिने तोवर सरले होते. आईने काही विचारले नाही. तेच आम्हांस अधिक लागले.

उलगडा केला तो कोल्हापूरकडच्या एका वृद्ध मिस्त्रींनी. ते म्हणाले, "साहेब, नंबर मागून बघायचा, आधी हेडला टेप लावायची." क्रायस्लरची ही सहा सिलिंडरांची इंजिने दोन लांबींची होती. अमेरिकेतील प्लिमथ-डॉजचे हेड सुमारे २३ इंचांचे. डिसोटो, क्रायस्लर आणि कॅनडात घडलेल्या प्लिमथ-डॉज यांचे २५ इंचांचे. दोहोंतही २१८ घनइंचांचे इंजिन निघे. पण अमेरिकन इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास सव्वातीन इंच, कॅनडाच्याचा ३ ३/८ इंच आणि पिस्टनची धाव आखूड. आकडा एकच, भाग निराळे! आमचे इंजिन लांब निघाले.

कॅनडाच्या फार्गो ट्रकांतही हेच लांब इंजिन असे, हे त्यांनीच सांगितले. त्यामुळे मोटारीच्या दुकानांचा नाद सोडून आम्ही जुन्या ट्रकवाल्यांकडे वळलो. सोलापुरात बंद पडलेल्या एका दुकानाच्या माळ्यावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, फार्गोचे तांब्याचे गॅस्केट मिळाले. दुकानदाराच्या मुलाने त्याची किंमत घेण्यास कांकू केली. त्याच्या लेखी ती अडगळ होती. आम्ही ती बळेच दिली.

अकराव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, इंजिन चौथ्या प्रयत्नास लागले. आईने किल्ली पदराच्या गाठीतून सोडून दिली होती. ती मागील आसनावर बसली आणि गाडी देवळापर्यंत जाऊन आली.

ते आखूड गॅस्केट अद्याप आमच्याकडे कोरे आहे. कोणा सभासदाच्या घरी २३ इंची हेडची प्लिमथ वा डॉज असेल, तर त्यांनी टेप लावून खात्री करून घ्यावी आणि ते खुशाल घेऊन जावे.