पळसाच्या फुलाचा रंग

पळसाला पाने तीनच, ही म्हण मराठी मुलखाबाहेर भिलाईपर्यंत गेले तरी खोटी ठरत नाही. नाव मात्र बदलते. दुर्गकडील खेडूत या झाडास ‘परसा’ म्हणतात. १९५६पर्यंत हा भाग नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता, तेव्हा मराठी माणसास तो परका वाटू नये. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तिच्यातून वाहणाऱ्या लोखंडाचा रंग आणि फाल्गुनात भोवतालच्या निष्पर्ण पळसांवर फुलणारा रंग यांत फारसा भेद नसतो.

पळसाचा हा रंग फ्लॅव्होनॉइड वर्गातील द्रव्यांचा होय. ताज्या फुलात आयसोब्युट्रिन हे नारिंगी द्रव्य असते. फूल वाळू लागले की त्याचे हळूहळू ब्युट्रिन बनते आणि झळाळी ओसरते. दोहोंतील अणू तेच, केवळ त्यांची जुळणी निराळी. रंगपंचमीसाठी फुले उकळताना चिमूटभर चुना घातला की पाणी गडद होते, त्याचे कारण हेच: खाराच्या योगाने जुळणी पुन्हा पालटते. हे आजीबाईंना पुष्कळ आधी ठाऊक होते, कारण तेवढे ठाऊक नव्हते!

यकृताच्या विकारांवर ही फुले देण्याची रीत जुनी आहे. १९८६ साली म्युनिकचे वाग्नर व त्यांचे जपानी सहकारी यांनी दाखविले की, विषारी द्रव्यांनी यकृताच्या पेशींना होणारी इजा ही दोन्ही द्रव्ये कमी करतात. २०१० साली मानवी पेशींवरील प्रयोगांत त्यांचा दाहशामक गुणही आढळला. परंतु काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे. पोटात गेलेल्या काढ्यातील किती अंश यकृतापर्यंत पोहोचतो आणि रोग्यास मात्रा किती द्यावी, हे त्या प्रयोगांनी सांगितलेले नाही.

येथे एक धोका आहे. छत्तीसगढात, तसाच विदर्भात, सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. त्यात तांबड्या पेशी फुटून डोळे पिवळे होतात. यकृत प्रायः निर्दोष असते. पिवळे डोळे पाहून कोणी कावीळ म्हणून काढ्यावर विसंबला, तर रक्ततपासणीस लागणारे दिवस हातचे जातात. पित्ताशयातील खड्यांनी अडलेले पित्तही काढ्याने सुटत नाही.

शिवाय औषध म्हणून घ्यावयाचे ते नेमके कोणते? दुकानातील वाळल्या फुलांच्या पुडीत दोन्ही द्रव्यांचे प्रमाण ताज्या फुलातले राहत नाही, आणि ताजे फूल झाडावर असते ते जेमतेम चैत्रापर्यंत.