राजीवनगरचं वाचनालय

एका छताखाली अनेकांनी आपापलं काम करायचं, ही को-वर्किंगची पद्धत आता म्हैसूरमध्येही रुजते आहे. अशा जागेत पुस्तकांचं कपाट सहज मांडता येतं. वाचणारी माणसं जमवणं मात्र अवघड. ते म्हैसूरच्याच सय्यद इसाक यांनी साधून दाखवलं.

इसाक मजूर. गटारसफाईसारखी कामं करून पोट भरलं, शाळा नशिबी आली नाही. आपल्याला मिळालं नाही ते वस्तीतल्या पोरांना तरी मिळावं, म्हणून २०११ साली त्यांनी राजीवनगरात शेडवजा जागेत सार्वजनिक वाचनालय उघडलं. पेपरांचा खर्च पदरचा. कन्नड, इंग्रजी, उर्दू अशा अनेक भाषांतले पेपर तिथे येत, आणि रोज शंभरावर माणसं वाचायला टेकत. पुस्तकं ११,००० च्या घरात; त्यांत भगवद्‌गीतेच्याच सुमारे ३,००० प्रती, शिवाय कुराण आणि बायबल. ९ एप्रिल २०२१ ला पहाटे आग लागली आणि सगळं खाक झालं. बातमी पसरताच देशभरातून लाखो रुपयांची वर्गणी जमली.

मला सर्वांत मोलाचे वाटतात ते तिथले पेपर. पुस्तक माणूस घरी नेतो. पेपर तिथेच बसून, शेजारच्याकडून आतलं पान मागून वाचतो. ओळखी होतात त्या अशाच. को-वर्किंग चालवणाऱ्यांनी कपाटाच्या आधी तीन-चार भाषांतले पेपर लावावेत आणि एक लांबलचक टेबल मांडावं.