पालकसभेत मुलाला बोलू द्या



भंडारा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत वाकलेली माय पालकसभेला येते ती संकोचाने. मागे बसते, गुरुजी बोलतात, ती मान डोलावते. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाची उपस्थिती व प्रगती पालकांना सांगण्याचे दायित्व शिक्षकांवर सोपविले, हे योग्यच. परंतु जिच्याविषयी बोलायचे, ती मुलगी बहुधा त्या संवादात नसते!

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनालाही स्थान दिले आहे. मग त्या मुलीलाच वही उघडून मायसमोर बसू द्या. बांधीचे क्षेत्रफळ कसे काढले, कोठे चुकले, हे ती आपल्या झाडीबोलीत सांगेल. माय विचारील, "धुरा वाकडा असंल तं?" हा प्रश्न पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. शिक्षकांनी तेव्हा मौन पाळावे. (हेच सर्वांत कठीण!)

मात्र काय दाखवायचे, हे मुलीने आधी गुरुजींशी बोलून ठरवावे. चारचौघांत तिचे उणे निघाले, तर पुढच्या सभेला मायलेकी दोघीही येणार नाहीत.