नशेचा चेहरा दाखवायचा, तर कुणाचा?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पुढच्या महिन्यात आपण मोहल्ल्यांमध्ये नशामुक्तीचं पोस्टर प्रदर्शन लावणार आहोत. त्यासाठी ग्रुपवर आलेले फोटो मी सगळे पाहिले. बहुतेक एकाच साच्याचे आहेत. डावीकडे टवटवीत चेहरा. उजवीकडे तोच माणूस, गाल बसलेले, दात गेलेले, कातडीवर जखमा. वर लिहिलंय, ‘नशेपूर्वी’ आणि ‘नशेनंतर’. सोबत कुणीतरी आपल्याच भागातल्या एका मुलाचा व्हिडिओ टाकलाय. तो झिंगून पडलाय आणि मागे कुणीतरी हसतंय.

प्रदर्शन लावायचंच आहे, त्याबद्दल वाद नाही. त्यात चेहरा कुणाचा असावा, एवढंच मला आज बोलायचंय. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण फोटो आणि आकडे, दोन्ही आपल्याला कसे फसवतात हे थोडंफार कळतं.

आधी हे पाहू की हे ‘आधी-नंतर’ प्रकरण आलं कुठून. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मल्टनोमा काउंटी आहे, पोर्टलँड शहराची. तिथल्या शेरीफच्या कार्यालयात ब्रेट किंग नावाचे अधिकारी होते. पुन्हा पुन्हा अटक होऊन येणाऱ्या माणसांचे चेहरे बदलत जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी अटकेच्या वेळचे जुने-नवे फोटो शेजारी शेजारी लावले. 2004 मध्ये ‘फेसेस ऑफ मेथ’ नावानं ते लोकांसमोर आले आणि जगभर फिरले. मेथ म्हणजे मेथॅम्फेटामिन. आपल्याकडे जे ‘एमडी’ मिळतं ते मेफेड्रोन. रसायन वेगळं, पण तेही मेंदूला चाबूक मारून पळवणाऱ्याच जातीचं.

किंग यांचा हेतू चांगला होता. मुलांनी घाबरावं आणि या वाटेला जाऊ नये. फोटोही खोटे नाहीत. मेथनं भूक मरते, झोप उडते, तोंड कोरडं पडतं, माणूस दात खात राहतो. कातडीखाली किडे वळवळतायत असा भास होतो आणि तो स्वतःला ओरबाडत सुटतो. मग अडचण काय?

पहिली अडचण निवडीची. तुरुंगात शेकडो माणसं येतात. त्यातले ज्यांचे चेहरे सगळ्यात भयानक बदलले, तेच फोटो निवडले गेले. ज्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही, ते या संग्रहात नाहीत. डेटावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, असा नमुना घेऊन निष्कर्ष काढता येत नाही.

दुसरी अडचण कारणांची. त्या दोन फोटोंच्या मधल्या काळात काय काय झालं? नोकरी गेली असेल, घर सुटलं असेल, फुटपाथवर झोपावं लागलं असेल, दाताच्या डॉक्टरकडे जायला पैसे नसतील. गरिबीही चेहऱ्यावर उमटते. फोटो सगळ्याचा हिशेब एकाच खात्यात टाकतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते. समजा एकोणीस वर्षांचा मुलगा सहा महिने एमडी घेतोय. तो आपलं पोस्टर पाहील, घरी जाऊन आरशात पाहील. गाल जागेवर, दात जागेवर. तो म्हणेल, हे पोस्टर माझ्यासाठी नाहीच. ज्या वेळी त्याला सांगायची गरज होती, नेमक्या त्याच वेळी आपलं पोस्टर त्याला ‘तू ठीक आहेस’ असं सांगेल.

भीती दाखवून काम होतं का, याचा एक मोठा प्रयोगही झालाय. आपल्या धंद्यातल्यांना सीबेल सिस्टिम्स ही कंपनी ठाऊक असेल. तिचे संस्थापक टॉम सीबेल यांनी 2005 मध्ये माँटाना राज्यात मेथविरोधी मोहीम सुरू केली. टीव्हीवर, रस्त्यांवर, सगळीकडे सडलेले दात आणि रक्ताळलेले चेहरे. गाजावाजा प्रचंड झाला, इतर राज्यांनीही ती उचलली. पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले. 2008 च्या एका परीक्षणात दिसलं की यशाचे दावे मोहिमेच्या स्वतःच्या सर्वेक्षणांवरूनही सिद्ध होत नाहीत. 2010 मध्ये मार्क अँडरसन या अर्थशास्त्रज्ञानं दाखवलं की मेथचा वापर मोहिमेच्या आधीपासूनच घटत होता. तो उतार हिशेबात धरला की मोहिमेच्या नावावर जवळपास काहीच उरत नाही.

आता कुणी म्हणेल, सिगारेटच्या पाकिटावर तर सरकारच भीतिदायक चित्रं छापतं. बरोबर. आपल्याकडे 2016 पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा 85 टक्के भाग त्या इशाऱ्याला द्यावा लागतो. पण 2018 पासून त्यावर आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे तंबाखू सोडण्यासाठीचा फोन नंबर, 1800-11-2356. हा फरक लक्षात घ्या. नुसती भीती दाखवली की माणूस मान फिरवतो. भीतीसोबत दार दाखवलं, तर निदान काही जण आत येतात.

आणखी एक प्रकारचे फोटो ग्रुपवर आहेत. एकाच माणसाचा अर्धा चेहरा नीटनेटका, अर्धा उद्ध्वस्त. ही रोमन साकोविच या फोटोग्राफरची ‘हाफ’ नावाची मालिका. ती मेकअप आणि कपडे वापरून केली आहे. कलाकृती म्हणून ती जरूर पाहा. पण पोस्टरवर ‘नशेचा परिणाम’ म्हणून लावाल तर मेकअपला पुरावा म्हटल्यासारखं होईल. पहिल्याच दिवशी एखादा मुलगा फोनवर शोधून दाखवेल, आणि मग आपलं खरं बोलणंही खोटं ठरेल.

या सगळ्या फोटोंमध्ये एक माणूस कधीच दिसत नाही. तो म्हणजे विकणारा. आणि नशा कायदेशीर असली, डॉक्टरच्या चिठ्ठीवर आलेली असली, तर तो आणखीच दिसत नाही. इथे मला नॅन गोल्डिनबद्दल सांगायचंय.

नॅन गोल्डिन या अमेरिकन फोटोग्राफर, जन्म 1953 चा. त्यांनी अनोळखी लोकांना ‘नमुना’ म्हणून टिपलं नाही; स्वतःच्या दोस्तांचे, स्वतःच्या घरातले फोटो काढले. त्यात प्रेम आहे, मारहाण आहे, नशा आहे. मारहाणीनं सुजलेला स्वतःचा चेहरा त्यांनी 1984 मध्ये स्वतःच जगासमोर ठेवला. त्या हेरॉइनमध्ये अडकल्या होत्या आणि 1988 मध्ये उपचार घेऊन बाहेर पडल्या. पुढे 2014 मध्ये मनगटाच्या दुखण्यावर त्यांना ऑक्सिकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी मिळाली. रीतसर, चिठ्ठीवर. त्या पुन्हा अडकल्या आणि 2017 मध्ये पुन्हा उपचार घ्यावे लागले.

त्यातून बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, ही गोळी बनवतं कोण? बनवणारी कंपनी पर्ड्यू फार्मा. तिनं 1996 मध्ये ही गोळी बाजारात आणली. गोळीची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असं सांगून दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीनं 2007 मध्ये अमेरिकी न्यायालयात कबूल केला. 2020 मध्ये पुन्हा इतर गुन्हे कबूल केले. कंपनीचे मालक तेव्हा सॅकलर कुटुंबातले. आणि त्या कुटुंबाचं नाव जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर दानशूर म्हणून कोरलेलं. गोल्डिन यांचे फोटोही याच संग्रहालयांमध्ये.

त्यांनी ‘पेन’ नावाचा गट काढला. मार्च 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या सॅकलर दालनात शिरून त्यांनी तिथल्या पाण्यात औषधाच्या बाटल्या फेकल्या. पुढच्या वर्षी गुगेनहाइम संग्रहालयात वरच्या मजल्यांवरून चिठ्ठ्यांचे कागद पावसासारखे सोडले. लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी म्हणजे तर चेहऱ्यांचंच संग्रहालय. गॅलरीनं सॅकलरांचे पैसे घेतले तर मी तिथे प्रदर्शन करणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मार्च 2019 मध्ये ती 10 लाख पौंडांची देणगी बारगळली. त्याच वर्षी पॅरिसच्या लूव्रनं सॅकलर हे नाव काढलं, आणि डिसेंबर 2021 मध्ये मेट्रोपॉलिटननंही आपल्या दालनांवरून काढलं.

व्यसनी बाईनं स्वतःचा चेहरा स्वतः दाखवला, आणि मग बोट वर केलं ते भिंतीवरच्या नावाकडे. शरमेचा पत्ता बदलला. आपल्या प्रदर्शनाला हे जमलं पाहिजे.

आपल्याकडे ते भिंतीवरचं नाव कुठे शोधायचं? मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. हे झोपेचं, घबराटीवरचं साधं कायदेशीर औषध. तेच कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचं. दोन्ही ‘शेड्यूल एच-1’ मध्ये येतात. म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि दुकानदाराला वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं लिहून ते 3 वर्षं जपावं लागतं. आपल्या प्रदर्शनातला एक मोठा फोटो मला अशा कोऱ्या रजिस्टरचा हवाय. खाली लिहू, ‘या पानावर काय लिहिलेलं असायला हवं, हे तुम्हाला माहीत आहे का?’ गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. टपरीवर काय लटकतंय ते तुम्ही रोज पाहता. त्याचाही फोटो घेऊ.

शिवाय कुत्ता गोळी खाणाऱ्याचा चेहरा सडत नाही. तो पेंगतो, विसरतो, चिडतो. घरातल्यांना वाटतं आळशी झालाय. आणि हे जरूर लिहा की गोळीची सवय असलेल्यानं ती एका झटक्यात बंद करू नये, फिट येऊ शकते. डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी लागते. मुलाला खोलीत कोंडून ‘सुटेल आपोआप’ म्हणणाऱ्या आई-वडिलांना ही एक ओळ उपयोगी पडेल.

आता त्या व्हिडिओबद्दल. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारात मोडतात. त्याचं कलम 24 सांगतं की उपचार घेणाऱ्याचा फोटो त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. रस्त्यावरच्या व्हिडिओला ते कलम थेट लागू होत नसेल. पण कायदा रुग्णाकडे कसं पाहतो हे त्यातून कळतं. मग आपण त्याहून खाली का उतरावं? व्हॉट्सॲपवरून गेलेला व्हिडिओ परत बोलावता येत नाही. तो मुलगा उद्या बरा होईल, नोकरीला जाईल, लग्न ठरेल, तेव्हाही तो कुणाच्या तरी फोनमध्ये असेल. ज्यांनी तो टाकला आणि ज्यांच्याकडे तो आहे, त्यांनी आज इथेच डिलीट करावा, ही माझी विनंती आहे.

आपल्या घरांत ‘पर्दापोशी’ हा शब्द मोठ्या आदरानं घेतला जातो. दुसऱ्याचा ऐब झाकणं ही नेकी. पण तोच शब्द वापरून आपण वर्षानुवर्षं आजारही झाकतो. ‘बाहेर कळलं तर बहिणीचं लग्न कसं होणार?’ मुलगी गोळ्या खात असेल तर तिचं नावही निघत नाही. मला वाटतं पर्दापोशीचा अर्थ सरळ आहे. माणसाची बदनामी झाकायची, त्याचा इलाज झाकायचा नाही. व्हिडिओ पुढे ढकलणारे आणि घरात दडपणारे, दोघंही त्या मुलाला दवाखान्यापासून लांबच ठेवतात.

मग चेहरे दाखवायचेच नाहीत का? दाखवू, पण त्या माणसाला विचारून, आणि तो सांगेल तशी ओळख देऊन. ख्रिस आर्नेड नावाचा वॉल स्ट्रीटवरचा माणूस न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात व्यसनी लोकांचे फोटो काढायचा. त्याच्यावर टीकाही झाली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. पण तो एक चांगली गोष्ट करायचा. तुमचं वर्णन कसं करू, असं विचारायचा. एका बाईनं सांगितलं, मी वेश्या आहे, सहा मुलांची आई आहे आणि देवाचं लेकरू आहे. व्यसन तिनं त्यात धरलंही नाही.

म्हणून माझा प्रस्ताव असा. ‘आधी-नंतर’चे फोटो काढून टाकू. व्यसनातून बाहेर पडलेले जे कुणी स्वखुशीनं समोर येतील, त्यांचेच फोटो, आज ते आहेत तसे, त्यांच्या कामाच्या जागी. अठरा वर्षांखालच्या कुणाचाही चेहरा नको. ज्याला चेहरा द्यायचा नाही, त्याचे हात चालतील, हत्यारं चालतील. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये 1986 पासून माणसं बरी होऊन बाहेर पडतायत. ‘नंतर’चा खरा फोटो तो. फोटो छापण्याआधी त्या माणसाला दाखवू, आणि आदल्या रात्री तो नको म्हणाला तरी काढू.

प्रत्येक पोस्टरवर 14446 हा राष्ट्रीय नशामुक्ती हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरात हवा. त्याखाली एक ओळ. एनडीपीएस कायद्याच्या कलम 64-अ नुसार, नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. पोलिसांच्या भीतीनं घरात बसलेल्या किती मुलांना हे माहीत आहे?

जेवणानंतर आपण एकेक पोस्टर पाहणार आहोत. प्रत्येक फोटोला एकच प्रश्न विचारा. हा पाहून आपल्या गल्लीतला तो मुलगा फोन उचलेल, की तोंड लपवेल? ज्याचं उत्तर ‘तोंड लपवेल’ असेल, तो बाजूला ठेवा.