चंचल मूल आणि शाळेकडे करावयाचा अर्ज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सदर बाजार, रायपूर येथे भरलेल्या पालक-मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बहुधा गतकाळाचे गुणगान होते, आणि ते यथोचितच आहे. कार्यकारिणीने आम्हांस मात्र असा विषय दिला आहे, की ज्याविषयी आपण घरात दबक्या आवाजात बोलतो आणि घराबाहेर मुळीच बोलत नाही. वर्गात स्वस्थ न बसणारे, सांगितलेले क्षणात विसरणारे, अर्धी वही लिहून उठणारे मूल आणि त्याची शाळा, हा तो विषय. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षकही नाही. केंद्र सरकारच्या कचेरीत कागद वाचणे आणि त्यांवर टिपणी लिहिणे, एवढाच आमचा व्यवसाय. परंतु आमच्या घरात असे एक मूल वाढत आहे, आणि बदल्यांच्या निमित्ताने तीन शहरांतील तीन शाळांचे उंबरठे आम्ही उभयतांनी झिजविले आहेत. त्या अधिकाराने हे चार शब्द.

वैद्यकशास्त्र या अवस्थेस एडीएचडी म्हणते; आपण तिला अवधानन्यूनता व अतिचंचलता म्हणू. हे आजकालचे खूळ नव्हे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये 1902 साली डॉ. जॉर्ज स्टिल यांनी, बुद्धीने ठीक परंतु स्वतःस आवरू न शकणाऱ्या मुलांविषयी व्याख्याने दिली होती. जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला तर शंभर मुलांत सुमारे पाच मुले अशी आढळतात. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात दोन-तीन. ही अवस्था पुष्कळ अंशी आनुवंशिक आहे. आईबापांच्या लाडाने ती जडत नाही आणि छडीने ती जातही नाही. मुलींमध्ये ती पुष्कळदा शांत रूपात असते. मुलगी खोडी काढीत नाही, नुसती खिडकीबाहेर पाहत राहते. म्हणून तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

परप्रांतात राहणाऱ्या आपणां मराठी माणसांपुढे येथे एक निराळाच पेच उभा राहतो. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी व हिंदी आणि शाळेत इंग्रजी. मूल मागे पडले की शाळा म्हणते, "घरची भाषा वेगळी, म्हणून असे होते." गावाकडील वडीलधारी म्हणतात, "एकुलते एक, लाडावले आहे." दोन्ही उत्तरे सोयीची आहेत आणि दोन्हींपायी वर्षे वाया जातात. वास्तविक पारख अवघड नाही. अडचण केवळ भाषेची असती, तर तेच मूल आजीची मराठी गोष्ट शेवटपर्यंत ऐकत बसले असते. निदान करताना डॉक्टरही हेच पाहतात: लक्षणे बाराव्या वर्षाआधीपासूनची आहेत काय, निदान सहा महिने टिकून आहेत काय, आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसतात काय. आपल्या शहरात 2012 सालापासून एम्स आहे, मेडिकल कॉलेजचे आंबेडकर रुग्णालय आहे. दोन्हीकडे बालरोग व मानसरोग विभाग आहेत. तेथे जाण्यात कोणताही कमीपणा नाही. औषध द्यावे की न द्यावे हे तेथील तज्ज्ञांनी ठरवावे. शेजाऱ्यांनी नव्हे आणि आम्हीही नव्हे.

आता शाळेकडे वळू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगता नमूद आहेत. वाचन, लेखन वा गणित यांतील विशिष्ट अध्ययन-अक्षमता त्या यादीत आहे. एडीएचडीचे स्वतंत्र नाव मात्र तीत नाही. याच ठिकाणी अनेक पालक हताश होऊन परततात. आमचे सांगणे एवढेच, की त्यांनी परतू नये. शाळेकडे मागावयाच्या गोष्टी दोन प्रकारच्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाली म्हणजेच माणूस हताश होतो.

पहिला प्रकार वर्गातील सोयींचा. मुलास दारा-खिडकीपासून दूर, शिक्षकांच्या जवळ बसविणे. एका वेळी एकच सूचना देणे. वीस गणितांऐवजी पाच-पाचचे चार भाग करणे. फळा पुसण्याचे वा वह्या वाटण्याचे काम देऊन त्यास उठण्याची रीतसर संधी देणे. गृहपाठ फळ्यावरून डायरीत उतरला की नाही हे पाहणे. यांपैकी कशासही सरकारी प्रमाणपत्र लागत नाही, पैसा लागत नाही. लागते ती केवळ मुख्याध्यापकांची आणि वर्गशिक्षकांची संमती.

दुसरा प्रकार बोर्डाच्या परीक्षेतील सवलतींचा. त्यास मात्र प्रमाणपत्र लागते. पुष्कळ चंचल मुलांना सोबत अध्ययन-अक्षमताही असते. म्हणून तपासणी करताना तिचीही तपासणी आग्रहाने करून घ्यावी. ती आढळल्यास केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावरून प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. केंद्रीय बोर्ड अशा विद्यार्थ्यास तासामागे वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस एक तास वाढवून देते. महाराष्ट्र शासनाने अध्ययन-अक्षम मुलांना अशा सवलती 1996 सालीच दिल्या होत्या. कोणी म्हणेल, हा इतर मुलांवर अन्याय आहे. या सराफ्यात बसलेल्या आमच्या गलाई बांधवांना विचारा. प्रत्येक जिन्नस वितळण्यास सारखाच वेळ घेतो काय? वेळ कमी-अधिक लागला म्हणून सोन्याचा कस बदलत नाही.

अर्ज कसा करावा, हे आता आमच्या कचेरीच्या अनुभवाने सांगतो. तोंडी सांगितलेले तोंडीच विरते. शाळा सुरू होताच, पहिल्या चाचणीची वाट न पाहता, एका पानाचा अर्ज लिहावा. त्यात मुलाची कैफियत नको आणि शाळेवर ठपका तर मुळीच नको. डॉक्टरांच्या अहवालाची नक्कल जोडावी, तीन किंवा चारच सोयी क्रमांक घालून मागाव्यात आणि सहा आठवड्यांनी भेटीची वेळ मागावी. दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घ्यावी. ज्या अर्जात "मुलाकडे लक्ष द्यावे" एवढेच असते, त्यावर काय करावे हे कोणालाच कळत नाही; "दुसऱ्या बाकावर बसवावे" असे असेल तर उद्याच करता येते. भेटीस जाताना मुलास काय जमू लागले हेही सांगावे. शिक्षकाच्या हाताखाली चाळीस-पन्नास मुले असतात. त्याचे आभार मानणारे पालक विरळाच.

एका शहरातील एका शाळेने आम्हांस सुचविले होते, की मुलाचा दाखला काढून न्यावा. अशा वेळी हे ध्यानी असावे, की 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 16 अन्वये प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलास शाळेतून काढता येत नाही आणि कलम 17 अन्वये शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. आम्ही ही कलमे नम्रपणे पत्रात लिहिली. दाखल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आपल्या मंडळात एक शंका हमखास निघते. अध्ययन-अक्षम मुलास दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद 2016 च्या कायद्यात आहे. मग आमच्या मुलांची मराठी जाणार काय? आमचे नम्र मत असे, की सूट घेण्यास कचरू नये. सूट परीक्षेतून मिळते, घरातून नव्हे. येथे आपली मराठी शाळेच्या गुणपत्रिकेवर कधीच जगली नाही. ती जेवणाच्या पानावर, गणेशोत्सवात आणि नाटकाच्या तालमीत जगली. ज्या मुलास वाक्य लिहिता येत नाही, त्यास संवाद पाठ करता येतो, हे आमच्या घरात आम्ही पाहतो.

केंद्र सरकारच्या सेवेतील बांधवांसाठी दोन गोष्टी. कायद्यातील दिव्यांगतेचे प्रमाणपत्र असलेल्या अपत्याची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्यास नित्याच्या बदलीतून सूट मागता येते. कार्मिक विभागाचा 8 ऑक्टोबर 2018 चा आदेश पाहावा. तसेच दिव्यांग मुलांसाठी शिक्षण-भत्ता दुप्पट आहे. तीन शाळा बदलणे काय असते, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून हे मुद्दाम सांगितले.

शेवटी मंडळास एक विनंती. दर जूनमध्ये एक संध्याकाळ अशा पालकांसाठी राखून ठेवावी. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, अर्ज नीट लिहून देणारे आमच्यासारखे कारकुनी पेशाचे लोकही आहेत. सदर बाजारातील दुकानांची दारे उघडण्यापूर्वीच्या शांत तासात आमचा मुलगा अभ्यासास बसतो. आजही डबा विसरतो, परंतु शाळेचे नाव काढताच आता रडत नाही. ज्या घरात आज कोणी रडत असेल, त्या घरच्या मंडळींनी आमच्याशी अवश्य बोलावे. कोरा कागद आणि पेन आमच्याकडे तयार आहे.