त्रेपन्न की पस्तीस?
(लासलगाव येथील शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय दिसावयास लहान आहे. दुसरीच्या वर्गात गुरुजी संख्या सांगतात, ‘त्रेपन्न’. काही मुले पाटीवर ५३ लिहितात, काही ३५ लिहितात. या दुसऱ्या मुलांविषयी आपला शेरा बहुधा ठरलेला असतो : ‘लक्ष नाही’. हा शेरा पुष्कळदा अन्यायाचा असतो. तो का, हे समजण्यासाठी आपले मन शब्द कसे ऐकते व कसे सांभाळते, याचा थोडा विचार करू.

येथील बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. वाहनांची रांग, व्यापाऱ्यांच्या बोली, हमालांच्या हाका. तरीही शेतकरी आपल्या मालावरील बोली त्या गलक्यातून नेमकी टिपतो. अवधान म्हणजे हीच निवड होय. १९५३ साली कॉलिन चेरी या संशोधकाने माणसांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन निरनिराळी निवेदने ऐकविली. एका कानातील निवेदन त्यांनी शब्दशः म्हणून दाखविले. परंतु दुसऱ्या कानातील भाषा मध्येच बदलली, हेही त्यांच्या ध्यानी आले नाही. एकाकडे लक्ष देणे म्हणजे दुसरे सोडून देणे. ही निवडीची शक्ती बालपणी हळूहळू वाढत जाते. सात वर्षांच्या मुलापाशी ती प्रौढाइतकी नसते.

दुसरी गोष्ट मनाच्या क्षणिक साठवणीची. ऐकलेले शब्द काम उरकेपर्यंत जेथे धरून ठेवावे लागतात, तिला कार्यस्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिची मर्यादा सुमारे सात गोष्टी इतकी सांगितली होती. पुढील संशोधनाने ती चारच्या आसपास आणली, आणि लहान मुलांत ती याहूनही कमी असते.

आता ‘त्रेपन्न’ या शब्दाकडे वळू. कानावर प्रथम ‘त्रे’ येते, म्हणजे एकक. मागून ‘पन्न’ येते, म्हणजे दशक. लिहिताना मात्र दशक आधी व एकक नंतर. म्हणजे मुलाने तीन धरून ठेवायचे, पन्नासची वाट पाहायची, क्रम उलटवायचा आणि मग लेखणी चालवायची. त्यात शब्दांची रूपेही बदलतात. तोच तीन तेवीसमध्ये ‘ते’, त्रेसष्टमध्ये ‘त्रे’ आणि त्र्याहत्तरमध्ये ‘त्र्या’ होतो. एकोणतीस ऐकून तर तिसातून एक वजा करावा लागतो. आणि एकोणनव्वदपर्यंत चाललेली ही रीत नव्व्याण्णवला सोडून द्यावी लागते. कन्नड मुलाला हा क्रमाचा त्रास नाही. त्याचे ‘इप्पत्तोंदु’ म्हणजे सरळ वीस-एक.

हा भार केवळ कल्पनेतला नाही. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात. ऑस्ट्रियातील पहिलीच्या मुलांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंकलेखनातील सुमारे निम्म्या चुका या उलटापालटीशी संबंधित होत्या. चेक भाषेत पंचवीसला ‘वीस-पाच’ आणि ‘पाच-वीस’ अशी दोन्ही नावे आहेत. तेथे त्याच मुलांना दोन्ही रीतींनी संख्या सांगितल्या, तेव्हा उलट लिहिण्याच्या चुका मुख्यतः दुसऱ्या रीतीत झाल्या. मुले तीच, लक्षही तेच. बदलला तो केवळ शब्दांचा क्रम.

नॉर्वे देशाने १९५१ साली आपली एकक-आधी रीत अधिकृतपणे बदलून दशक-आधी केली. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना होणारा घोटाळा हे त्यामागील एक कारण होते. तरीही जुनी रीत लोकांच्या तोंडून सर्वस्वी गेली नाही. आपल्याकडे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली आणि मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांच्या सोयीचा मुद्दा मांडला. विरोध करणाऱ्यांना मराठी संख्यानामांची काळजी वाटली. शिक्षकाच्या दृष्टीने या दोहोंत वैर नाही. त्रेपन्न हा घरचा व बाजारचा शब्द आहे. तो मुलाला आलाच पाहिजे. ‘पन्नास आणि तीन’ ही त्या शब्दापर्यंत नेणारी पायरी आहे.

आणि शब्द नीट न आल्यास त्याची झळ व्यवहारात बसते. ‘बाराशे त्रेपन्न’ हा भाव हिशोबपट्टीवर १२३५ असा उतरला, तर क्विंटलमागे अठरा रुपये जातात; वीस क्विंटलांवर तीनशे साठ.

तेव्हा वर्गात पुढील गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे.

पहिली, चूक ओळखावी. ३५ लिहिणाऱ्या मुलास त्रेपन्न काड्या मांडावयास सांगावे. त्याने दहा-दहाचे पाच गठ्ठे व तीन सुट्या काड्या मांडल्या, तर त्याचे ज्ञान पक्के आहे. फक्त क्रम निसटतो. तीन गठ्ठे व पाच काड्या मांडल्या, तर संख्यानामच पुन्हा शिकवावे लागेल. दोन्ही चुकांना एकच लाल फुली पुरेशी नाही.

दुसरी, संख्या सांगितल्यावर थांबावे. मुलांनी ती मोठ्याने म्हणावी, ‘त्रेपन्न, पन्नास आणि तीन’ अशी फोड करावी आणि मगच लिहावे. एकक आधी लिहून डावीकडे जागा सोडण्याची सवय लागू देऊ नये. शेकडा-हजारांच्या संख्यांत ती गोंधळ वाढविते.

तिसरी सूचना एकाच खोलीत दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांसाठी. पंख्याच्या घरघरीपेक्षा माणसाचे बोलणे कार्यस्मृतीत अधिक व्यत्यय आणते. म्हणून एका वर्गाचे पाढे चालू असताना दुसऱ्या वर्गास संख्यांचे श्रुतलेखन देऊ नये. त्या वेळी चित्रकाम किंवा काड्यांची मांडणी द्यावी.

पुढील परिषदेस येताना आपल्या दुसरीच्या वर्गातील एका श्रुतलेखनाच्या चुका दोन रकान्यांत मांडून आणाव्यात : क्रम उलटलेल्या आणि संख्यानाम न आलेल्या. त्या टिपणांवरूनच आपण पुढील चर्चा करू. ज्या मुलापुढे ‘लक्ष नाही’ असा शेरा लिहिला गेला आहे, त्याची पाटी तोवर एकदा या दृष्टीने पाहावी, इतके सांगून मी आपली रजा घेतो.